बिनधोक पिक्चर

तोंडात कापसाचा बोळा धरून बसलेल्या माणसाला प्रश्न विचारू नयेत, एवढं सौजन्य माईकडे एरवी होतं. दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलाशी बसायचं म्हणजे ते लागतंच. पण त्या शुक्रवारी सकाळी तिने ते खुंटीला टांगून ठेवलं होतं.

“भुताचा बघितलात का काल?” तिने विचारलं.

नुकतीच दाढ काढलेले विमा एजंट समोरच्या खुर्चीत गाल धरून बसले होते. त्यांनी मानेनेच हो म्हटलं.

“घाबरलात?”

मान आडवी.

“हसलात?”

एजंटांनी थोडा विचार केला आणि मान उभी हलवली.

“भूत बघून हसलात. बरं, बरोबर कोण होतं? बायको? त्याही हसल्या? नाही? मग घरी जाताना वाजलं असेल तुमचं.”

एजंटांचे डोळे मोठे झाले. त्यांनी काही सांगायच्या आत माईने मनातल्या मनात भुताच्या पिक्चरवर काट मारली. शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला हसू येतं आणि दुसऱ्याला भीती वाटते, असा पिक्चर तिच्या काही कामाचा नव्हता.

आदल्या दिवशी तीन नवे पिक्चर लागले होते. एक भुताचा, एक लग्नघरातल्या गोंधळाचा विनोदी, आणि एक जहाजाचा. इतरांना एवढंच हवं होतं की यांतला बघण्यासारखा कोणता. माईला पिक्चर चांगला नसता तरी चाललं असतं. तिला हवा होता बिनधोक. ज्याला आपल्या एका बाजूला ताईला आणि दुसऱ्या बाजूला बेबीला बसवता येईल, आणि दिवे लागल्यावर दोघीही जागेवर असतील, असा.

ताई थोरली, माई मधली, बेबी धाकटी. बेबीची चाळिशी उलटली होती, पण धाकटीला मोठं व्हायची परवानगी कोणत्या घरात असते? बाबा गेल्यापासून त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. बाबा हॉस्पिटलात असताना ताई त्यांच्या उशाशी बसून होती, माई ये-जा करत होती, आणि बेबी दूरच्या शहरात आपल्या नोकरीवर होती. ताईने तिला कळवलं ते सगळं आटोपल्यावर. बेबी धापा टाकत पोचली तेव्हा बाबांच्या खाटेवर दुसराच कुणी म्हातारा झोपला होता. “मला का नाही बोलावलंस?” असं तिने भर व्हरांड्यात विचारलं, आणि ताई म्हणाली, “मी ठरवलं. तू ते बघू नयेस.”

ताई शाळेत पर्यवेक्षिका होती. तिने ‘ठरवलं’ म्हटलं की घंटा झाली असं समजायचं. बेबीने समजून घेतलं नाही. ती त्याच संध्याकाळी परत गेली, आणि तेव्हापासून दोघींचा एकमेकींकडे निरोप जायचा तोही माईमार्फत, आणि तोही कापूनकुपून. आता बेबीची बदली होणार होती, पार समुद्रापलीकडे. तिथे गेलेली माणसं पहिल्या वर्षी फोन करतात, दुसऱ्या वर्षी फोटो पाठवतात आणि तिसऱ्या वर्षी त्यांच्याबद्दल इतरांकडून कळतं. जाण्याआधी कसल्याशा प्रशिक्षणासाठी ती या शनिवारी-रविवारी इथे यायची होती.

“हॉटेलात उतरतेय,” तिने फोनवर सांगितलं होतं. “तुला भेटेन. तिच्या घरी येणार नाही. आणि ती तुझ्या घरी येणार असेल, तर तुझ्याकडेही नाही.”

“मग पिक्चरला?” माईच्या तोंडून निघून गेलं. कुठून आलं तिचं तिलाच कळलं नाही.

पलीकडे पेन आपटल्याचा आवाज आला. मग, “कोणता?”

ताईलाही तिने तेच विचारलं. “अंधारात बसायला माझी काय हरकत असणार?” ताई म्हणाली. “पण फालतू असला तर मी मध्यंतरात निघेन. आधीच सांगते. कोणता आहे?”

त्या ‘कोणता’वर माईचा जीव टांगलेला होता. रडका नको, कारण बेबी रडली तर ताई रुमाल पुढे करणार, बेबी तो घेणार नाही, आणि संपलं. फार विनोदी नको, कारण ताई एकदा हसायला लागली की तिला आवरत नाही, आणि बेबी म्हणणार, हिला बरं हसू येतं. हॉस्पिटल नको. म्हातारा बाप नको. मध्यंतर लांबलचक नको.

“तू पिक्चर निवडतेयस की जावई?” तिच्या नवऱ्याने विचारलं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि अडकणं ही गोष्ट त्याला एकंदरीत चांगली वाटायची. “त्यापेक्षा दोघींना एका लिफ्टमध्ये घाल. मी बंद पाडतो. दहा मिनिटांत माणसं बोलायला लागतात, माझा अनुभव आहे.”

“आणि ताईने आतून तुम्हालाच मेमो दिला तर?”

“तेही आहे,” तो म्हणाला आणि जेवायला लागला.

लग्नघराचा पिक्चर शुक्रवारी दुपारपर्यंत बाद झाला. रूट कॅनॉलसाठी आलेली एक बाई तोंड उघडं ठेवून त्याच्याबद्दल बोलायचा प्रयत्न करत होती, आणि माईला त्यातून एवढंच उमगलं की त्यात दोन बहिणी आहेत. तिने पुढचं ऐकलंच नाही. डॉक्टरांकडून अर्धी रजा घेतली आणि ती जहाजाच्या पिक्चरला जाऊन बसली. विषाची परीक्षा घ्यायची तर आपणच घ्यावी.

आता इथे या तीन बहिणींची एक गोष्ट सांगायला हवी. त्यांचे बाबा एका थिएटरात डोअरकीपर होते. हातात टॉर्च घेऊन लोकांना अंधारात जागा दाखवणं हे त्यांचं काम. पोरींना ते फुकट आत सोडायचे, पण दिवे मालवून पिक्चर सुरू झाल्यावर. आणि संपायच्या आधी खुर्चीच्या पाठीवर टॉर्च टकटक वाजवायचे, “चला, उठा.” कारण शेवटी मॅनेजर दाराशी येऊन उभा राहायचा. त्यामुळे त्या पोरींनी ढीगभर पिक्चर पाहिले आणि एकाचाही शेवट पाहिला नाही. घरी जाताना त्या शेवट रचायच्या. ताईच्या शेवटात सगळ्यांना शिक्षा व्हायची. बेबीच्या शेवटात मेलेलेसुद्धा परत यायचे. माईला स्वतःचा शेवट कधी सुचला नाही. या दोघींच्या भांडणात तडजोड करण्यातच घर यायचं.

पुढे तिघी कमावत्या झाल्या, पर्समध्ये रीतसर तिकीट घेऊन जायला लागल्या, तरी पायांना लागलेलं वळण सुटलं नाही. पडद्यावर गोष्ट आवरती व्हायला लागली की यांच्या पोटऱ्यांत मुंग्या यायच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच पिक्चरला माई नवऱ्याला तिथेच सोडून बाहेर जाऊन उभी राहिली होती. बिचाऱ्याला वाटलं, बायको पळाली.

तर माई जहाजाच्या पिक्चरला बसली. पडद्याकडे तिचं अर्धंच लक्ष होतं. उरलेल्या अर्ध्यात ती डावीकडे ताईला आणि उजवीकडे बेबीला बसवून बघत होती. इथे ताई काय म्हणेल? इथे बेबी कशी बघेल? पण पिक्चरमध्ये काही म्हणण्यासारखं निघेचना. समुद्र होता, वादळ होतं, एक दाढीवाला कप्तान होता आणि यंत्रखोलीत शिरलेलं पाणी होतं. बायका जवळजवळ नव्हत्याच. मध्यंतर ऐन वादळात झालं आणि लोक सुन्न होऊन बसूनच राहिले. कुणी कुणाशी बोललं नाही. माईला ते फार आवडलं. वादळ शमलं, जहाज हळूहळू किनाऱ्याकडे निघालं, कप्तान जरा खोकला, आणि माई उठून बाहेर आली. खिडकीवर जाऊन तिने शनिवार दुपारची तीन तिकिटं काढली. सलग, आणि कडेची. दोघींना फोन केले. “जहाजाचा आहे,” तिने सांगितलं. “काही नाही त्यात. छान आहे.”

शनिवारी सकाळी नवरा दाढी करत होता. “काय आहे मग त्या जहाजात?”

माईने वादळ सांगितलं. पाणी सांगितलं. मध्यंतर तर रंगवून सांगितलं.

“आणि शेवट?” आरशातूनच त्याने विचारलं. “तो तू कशाला बघतेस म्हणा.”

माईच्या हातातली बशी हातातच राहिली. मग तिने ती जागेवर ठेवली, परत उचलली, आणि दुसऱ्याच फळीवर ठेवली.

“बंदर येतं,” ती म्हणाली. “आणखी काय येणार?”

पण पायांना भिंगरी लागली. तिने शेजारणीला विचारलं, ती म्हणाली मी पिक्चर बघतच नाही. पुतण्याला फोन केला, तो म्हणाला, “काकू, शेवट सांगत नसतात.” “मी बघितलाय रे पिक्चर!” “मग शेवट कशाला विचारताय?” माईने फोन ठेवला. दवाखाना शनिवारी अर्धा दिवस असायचा. तिथे गेल्या गेल्या तिने डॉक्टरांनाच गाठलं. ते हातमोजे चढवत होते.

“जहाजाचा? अहो, कालच बघितला आम्ही. शेवटासाठीच बघायचा तो.” डॉक्टरांनी मास्क खाली घेतला. “कप्तान जातो हो. आजार लपवलेला असतो त्याने. त्याची मुलगी बंदरावर धावत येते, तोवर सगळं संपलेलं. आणि तो दुसरा असतो ना, त्याच्या हाताखालचा, त्याने तिला कळवलेलंच नसतं. मुद्दाम! मी रडलो. मी! बायको माझ्याकडे बघत होती.”

माईने टेबलावरची वही उघडली, ती उलटी.

“तुम्हाला बरं नाही का?” डॉक्टरांनी विचारलं.

“दाढ दुखतेय,” ती म्हणाली, आणि दातांच्या डॉक्टरांना हे सांगून चालत नाही हे ध्यानात आल्यावर, “आता थांबली,” असंही म्हणाली.

दवाखाना सुटताच तिने थिएटर गाठलं. तिकीट खिडकीतली बाई बोटांना क्रीम लावत होती. “बदलून मिळत नाही. नवी घ्यायची तर विनोदीला तीन जागा आहेत, पण तीन वेगळ्या रांगांत. भुताच्याला पुढच्या रांगेत दोन. तिसऱ्या बाईंना उभं राहावं लागेल.”

“तिसरी मीच,” माई म्हणाली. “पण नको.”

दोन बहिणींचा विनोद आणि एकाला हसवून दुसऱ्याला घाबरवणारं भूत. ती जिन्यावर चढली, उतरली, पुन्हा चढली. आणि मग तिला सुचलं, आणि इतकं सोपं वाटलं की तिचं तिलाच हसू आलं. शेवट आहे ना? मग तो दाखवायचाच नाही. जहाज किनाऱ्याकडे वळलं की दोघींना उठवायचं. उठायची सवय तिघींच्याही पायांत मुरलेली. टॉर्चसुद्धा लागणार नाही.

ताई वेळेआधी आली, बेबी उशिरा. दोघींनी एकमेकींकडे बघितलं ते दुकानाच्या काचेत बघावं तसं, आरपार. ताई कडेच्या खुर्चीवर, मधे माई, पलीकडे बेबी.

“तिला सांग, तिची पर्स माझ्या पायावर येतेय,” दिवे मालवायच्या आधी बेबी म्हणाली.

“ताई, पर्स जरा…”

“ऐकू आलं मला,” ताई म्हणाली. “तिला सांग, पाय आपल्या हद्दीत ठेव.”

“पाय आपल्या…”

“माई, मी बहिरी नाहीये.”

पण हे वाईट नव्हतं. माईने हिशेब केला. कित्येक महिन्यांत एकमेकींबद्दल इतकी वाक्यं त्यांनी खर्च केली नव्हती. वादळ आलं तेव्हा ताईने खुर्चीचा हात धरला आणि बेबी पुढे झुकली. मध्यंतरात दोघी पडद्याकडे बघत बसल्या, कोरा असूनसुद्धा. माईने लाह्या आणल्या आणि मांडीवर ठेवल्या. एकदा दोघींचे हात एकाच वेळी पुड्यात गेले. दोघींनीही ते मागे घेतले नाहीत. माईने श्वास रोखून धरला आणि तो सोडायचाच राहून गेला.

मग वादळ शमलं. जहाज वळलं. कप्तान खोकला.

“चला,” माई कुजबुजली. “नंतर दाराशी गर्दी होते.”

ताई लगेच उठली, तिला सांगावंही लागलं नाही. माई तिच्यामागे उठली. दोघी कडेच्या वाटेत आल्या. बेबी जागची हलली नाही.

“बेबी, चल ना.”

“मला शेवट बघायचाय.”

“काही नसतं शेवटी. बंदर येतं.”

“मग बघू दे ना बंदर.”

“अगं, ऐक माझं, उगाच…”

“माई,” बेबी म्हणाली. आवाज कुजबुजीचाच होता, पण मागच्या दोन रांगांपर्यंत सहज पोचेल असा. “मी काय बघावं नि काय बघू नये हे तुमचं दोघींचं एकदा ठरवून झालंय. आता पुरे.”

मागून कुणीतरी ओरडलं, “अहो बाई, बसा नाहीतर जा!”

माईला वाटलं, संपलं. आता ताई ताडताड बाहेर जाणार. ताई वाटेत उभीच होती. पडद्यावरच्या पांढुरक्या उजेडात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. मग तिने माईला कोपराने बाजूला सारलं, रांगेत परत शिरली, आणि बसली. स्वतःच्या खुर्चीवर नाही, माईच्या. बेबीला लागून.

कडेची खुर्ची रिकामी होती. माई सहज बसू शकली असती. पण पडद्यावर बंदर दिसायला लागलं होतं, आणि पायांनी आपला निर्णय आधीच घेतला होता. ती बाहेर आली.

बाहेर लाह्या विकणारी मुलगी ओटा पुसत होती. “संपला?”

“नाही अजून.”

“मग बाहेर का?”

“आत फार उकडत होतं.”

“आत एसी आहे,” मुलगी म्हणाली.

माईने दरवाजापासून पोस्टरपर्यंत फेऱ्या मारल्या. दाराला कान लावला. आतून फक्त वाद्यांचा आवाज येत होता. आता मुलगी धावत येत असेल. आता तिला कळलं असेल. आता बेबी उठली असेल. आता ताई काहीतरी बोलली असेल, आणि ताई बोलली म्हणजे आटोपलंच. एकदा तिने दाराची मूठ धरली आणि सोडून दिली.

दार उघडलं. माणसं बाहेर आली, कुणी नाक पुसत, कुणी गाडीची किल्ली शोधत. एक माणूस बायकोला सांगत होता की डोळ्यात काहीतरी गेलं. गर्दी ओसरली. शेवटचं म्हातारं जोडपंही गेलं. ताई नाही, बेबी नाही. दुसऱ्या दाराने गेल्या असतील, माईच्या मनात आलं, वेगवेगळ्या.

ती आत शिरली. दिवे लागलेले होते. झाडू घेतलेली एक बाई रांगेरांगेतून पुढे सरकत होती. त्या दोघी तिथेच होत्या. दोघींची तोंडं रिकाम्या पडद्याकडे होती, आणि ताई बोलत होती.

“…डॉक्टर म्हणाले, आज-उद्या काही नाही. मी म्हटलं, सोमवारी बेबीला फोन करू, तिच्या ऑफिसातला हिशेबाचा आठवडा संपेल. मी काही ठरवलं-बिरवलं नव्हतं. मला वाटलं, वेळ आहे.”

“मग मला तसं का म्हणालीस? ठरवलं म्हणून?”

“मग काय म्हणू? मला कळलं नाही म्हणू? मी समोर बसले होते, बेबी. त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं, पेला खाली ठेवून वळले तर…” ताई थांबली. “एवढ्या मोठ्या बाईला कळलं नाही. शाळा चालवते, आणि कळलं नाही. त्यापेक्षा ठरवलं म्हटलेलं बरं वाटलं. माणूस दुष्ट ठरला तरी चालतो, बावळट ठरलेला चालत नाही.”

झाडूवाली बाई त्यांच्या रांगेत पोचली. “पाय वर घ्या जरा.” दोघींनी पाय वर घेतले. बाई झाडून पुढे गेली. दोघींनी पाय खाली ठेवले.

“तू एकटीच होतीस?” बेबीने विचारलं.

“एकटीच.”

“आणि माई?”

माई वाटेतच उभी होती. तिला कॉफीचं यंत्र आठवलं, व्हरांड्याच्या टोकाचं. ताईने तिला पाठवलं नव्हतं. कॉफी कुणीच मागितली नव्हती. बाबांचा श्वास वेगळा लागायला लागला होता आणि ती खुर्चीवरून उठली होती, एवढंच. हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

“ती जरा बाहेर गेली होती,” ताई म्हणाली. एवढंच म्हणाली.

बेबी आता रडत होती, पण ते रागाचंही होतं. “मी तुझ्यावर किती चिडले होते माहीतेय? मी आरशासमोर तुला बोलायची. रोज. नवीन नवीन शब्द शोधून.”

“मग बोल की.”

“आता ते शब्द बसत नाहीत ना!” बेबी ओरडली. ताईने रुमाल काढला आणि पुढे केला नाही, दोघींच्या मधे, खुर्चीच्या हातावर ठेवला. बेबीने त्याच्याकडे बघितलं आणि स्वतःच्या बाहीने नाक पुसलं.

“बाई, पुढच्या शोची माणसं येतायत,” झाडूवाली दारातून म्हणाली.

त्या उठल्या. वाटेत माई दिसली. तिघी बाहेर आल्या. रस्त्यावर उन्हं कलली होती आणि पुढच्या शोची रांग पायऱ्यांच्या एका कडेला वळसा घालून उभी होती. दुसऱ्या कडेच्या पायरीवर बेबी बसली. ताईने आधी फुंकर मारून पायरी साफ केली, मग तीही बसली, मधे एक हात अंतर ठेवून.

“पहिल्यापासून सांग,” बेबी म्हणाली. “सकाळपासून. काही गाळू नकोस.”

“तुझा चेहरा असा असताना?”

“माझा चेहरा असाच राहणार आहे. तू सांग.”

ताईने पर्स मांडीवर घेतली आणि सुरुवात केली. सकाळी नर्स आली होती. खिडकी उघडायची की नाही यावरून बाबा तिच्याशी भांडले होते.

“मी तिघींना चहा घेऊन येते,” माई म्हणाली. “समोरच मिळतो. ही एवढ्यात आले.”

बेबीने मान वर न करता तिच्या साडीचा काठ धरला.

“चहा नकोय कुणाला. बस.”

माई बसली. पर्स आधी डाव्या बाजूला ठेवली, मग उजव्या. ताई सांगत होती, नर्सने शेवटी खिडकी उघडली. माईच्या पायाचा अंगठा चपलेत वळवळत होता. बेबीने काठ सोडला नव्हता.